वायफायचा मानपान

पेसामिनो दुसऱ्यांदा गोठला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, उजवा हात वर होता आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. ऑकलंडमधल्या त्रेचाळीस नातेवाइकांनी त्याला त्या अवस्थेत पडद्यावर बावीस मिनिटं पाहिलं. कुणीतरी त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली रोपातीनं, म्हणजे पेसामिनोच्या आतेभावानं, लिहिलं, ‘दादा विचार करतायत.’

प्रकरण गमतीवर थांबलं असतं तर मकेरिताला बोलावणं गेलं नसतं. पण प्रश्न ‘माउंगाताई’ या कुटुंबप्रमुखाच्या किताबाचा होता. पेसामिनोचा थोरला भाऊ, म्हणजे आधीचे माउंगाताई, चार महिन्यांपूर्वी वारले आणि आता हा किताब कुटुंबातल्या कुणाला द्यायचा हे सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं. सगळ्यांनी बसायचं तर अर्धं कुटुंब वाइसिना गावात आणि अर्धं ऑकलंडमध्ये. तेव्हा बैठक व्हिडिओ कॉलवर. अशा दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा ऑकलंडकर लख्ख दिसले, स्वच्छ ऐकू आले, आणि दोन्ही वेळा पेसामिनो बोलायला उभा राहिल्यावर चार मिनिटांच्या आत दगड झाला.

माणूस वक्ता. चाळीस वर्षं त्यानं भावाची सेवा केली होती. त्याची तारोच्या कंदांची शेती पाहिली, त्याच्या पाहुण्यांसाठी जेवणाची भट्टी लावली आणि लग्न असो, मयत असो, चर्चचं उद्घाटन असो, भावाच्या वतीनं काठी टेकून भाषण त्यानंच केलं. त्याच्या पदरी जमीन नव्हती, गाडी नव्हती, जीभ होती. किताबासाठी त्याच्यासमोर रोपाती. माणूस वाईट नव्हता. ऑकलंडला त्याचं टायरचं दुकान होतं, गावच्या प्रत्येक मयताला त्याच्याकडून काही ना काही यायचं. तो स्वतः मात्र तीस वर्षांत तीनदा आला होता आणि त्यातली एक खेप रग्बीच्या सामन्यासाठी होती.

तिसरी आणि शेवटची बैठक शनिवारी सकाळी अकराला. ऑकलंडच्या बाजूनं अगदी नम्र शब्दांत कळवलं होतं की या वेळी जे ऐकू येईल त्यावरच निर्णय होईल. याचा अर्थ वाइसिनातल्या कोंबड्यांनाही कळला होता.

मकेरिता गुरुवारी सकाळी आली. सव्वीस वर्षं राजधानीत, आपियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून ती गावी परतली होती, त्यामुळे वीज लागणारी कुठलीही वस्तू तिचीच जबाबदारी आहे असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिचीही हरकत नव्हती. ‘बघते’ हा शब्द ती वापरत नसे, ‘होईल’ म्हणे. मग एकच प्रश्न विचारी, शेवटचं नीट कधी चाललं होतं? यावर लोक सांगत, आम्ही काहीच केलेलं नाही. हे ती कबुलीजबाब म्हणून धरत असे आणि कामाला लागत असे. मागच्याच महिन्यात तिनं पास्टरांच्या प्रिंटरमधून एक जिवंत पाल काढली होती. तेव्हापासून पाल आणि प्रिंटर दोघंही व्यवस्थित आहेत.

पेसामिनोच्या घरी निदानं तयारच होती. बायको फुआमातूच्या मते दोष फणसाच्या फांदीचा. मेव्हण्याच्या मते ढगांचा. चर्चचे वडीलधारे कार्यकर्ते इओसुआ, जे नात्यानं चुलत चुलते लागत, त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की गेलेल्या माउंगाताईंची इच्छा दिसत नाही. मकेरितानं तिन्ही ऐकून घेतली. गेलेल्या माणसाच्या मनात असतं तर त्यानं रोपातीलाही गोठवलं असतं, एवढंच ती म्हणाली. मग तिनं राउटर पाहिला. तो मधल्या खांबावर, डोक्याच्या उंचीवर बसवलेला होता आणि त्याला शिंपल्यांची माळ घातली होती, कारण तो मुलीनं ब्रिस्बेनहून पाठवला होता. जागा उत्तम होती. माळ निरुपद्रवी होती, ती तिनं राहू दिली.

तेवढ्यात रस्त्यावरून मासे घेऊन जाणारी एक बाई थांबली. फुआमातूनं बसल्या जागेवरून तिला हाक मारली, ये, खाऊन जा. बाई म्हणाली, घाई आहे, आणि रस्त्यावर उभ्याउभ्याच फोन काढून दोन मिनिटं त्यात काहीतरी केलं, हसली आणि गेली. मकेरिताची नजर बाईच्या नजरेमागे गेली. रस्त्याकडच्या खांबावर रविवारच्या भजनांचे आकडे लिहायचा फळा टांगलेला होता. आकड्यांखाली खडूनं, ठसठशीत अक्षरात, वायफायचा पासवर्ड होता.

घराला भिंती नाहीत. आमच्याकडे बहुतेक घरांना नसतात. खांब, वर छप्पर, आणि वारा हवा तसा जातो-येतो. वायफायही तसंच. मकेरितानं विचारलं, फळ्यावर कधीपासून? फुआमातू म्हणाली, पहिल्या आठवड्यापासून. आधी एकानं मागितला, मग दुसऱ्यानं. घरात असलेली वस्तू माणसानं तोंड उघडून मागायची वेळ आणायची म्हणजे लाजच. म्हणून लिहूनच टाकला.

मकेरितानं आपला फोन काढून राउटरचं पान उघडलं. सध्या त्याला कोण कोण जोडलेलं आहे याची यादी त्यात दिसते. घरात यंत्रं चार. यादीत एकसष्ट. तिनं ती मोठ्यानं वाचायला घेतली. पास्टरांचा टीव्ही होता. शाळेचे सहा टॅब होते. ‘दक्षिणेची राणी’ या बसचा ड्रायव्हर होता. ती बस रोज सकाळी घरासमोर सहा मिनिटं कुणाचीही वाट न पाहता का थांबते, याचा उलगडा झाला. इओसुआंचा फोन दोनदा होता. इओसुआंनी समुद्राकडे पाहिलं.

“एकसष्टसुद्धा चालून जाईल,” मकेरिता म्हणाली. “बैठकीच्या वेळी नेमकं काय होतं ते सांगा.”

हे सांगताना फुआमातूचा चेहरा अभिमानानं फुलला. बैठकीला सगळं कुटुंब येतं, पन्नास-साठ माणूस सहज. पेसामिनो बोलायला उभा राहिला की सगळे फोन वर करतात आणि भाषण तिथल्या तिथे आपापल्या ऑकलंडच्या माणसांना दाखवतात. म्हणजे बैठकीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनाही दिसावं.

“किती जण दाखवतात, वहिनी?”

“सगळेच. यांच्या भाषणाला कोण हात खाली ठेवेल?”

निदान झालं. पेसामिनोला त्याच्याच माणसांनी प्रेमानं गोठवलं होतं.

मकेरितानं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. गावासमोर प्रवाळाच्या भिंतीत जी खिंड आहे, तसाच हा राउटर. आत यायला खिंड रुंद, म्हणून ऑकलंडकर लख्ख दिसतात. बाहेर जायला अरुंद. त्यातून दादांची होडी निघते आणि मागोमाग आणखी पन्नास होड्या घुसतात. सगळ्या ऑकलंडलाच चाललेल्या आणि सगळ्यांत एकच मासा. मग कुणाचीच होडी निघत नाही. फणसाच्या फांदीचा यात काही दोष नाही. मेव्हण्यानं फांदी आधीच तोडली होती.

उपाय तिच्याकडे तयार होता. पासवर्ड बदलायचा, फळा पुसायचा. पाच मिनिटांचं काम.

इतका वेळ गप्प बसलेला पेसामिनो आता बोलला. बसूनच बोलला, म्हणजे थोडक्यात.

“मकेरिता, ज्या आठवड्यात मी कुटुंबाचा प्रमुख व्हायला निघालो, त्याच आठवड्यात दारावर बसून लोकांना परत पाठवू?”

“दादा, तुम्हाला दारच नाही.”

“म्हणून तर.”

तिनं दुसरा मार्ग काढला. लोकांनी फक्त फोनवर चित्रण करून ठेवावं, पाठवायचं ते संध्याकाळी पाठवावं. हा तोडगा सगळ्यांना फार आवडला. इओसुआंनी तर तो शहाणपणाचा आहे असं दोनदा म्हटलं. कुणीही तो पाळणार नाही हे मकेरिताला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता आलं.

मग ती जरा वेळ राउटरकडे पाहत राहिली. एक्स्चेंजमध्ये असताना तिला एक गोष्ट पक्की कळली होती: तार कमी पडली की प्रश्न तारेचा राहत नाही, रांगेचा होतो. आणि रांग कुणी लावायची, या विषयात समोर बसलेल्या म्हाताऱ्याइतका जाणकार सबंध बेटावर नव्हता. समारंभात आवा, म्हणजे मुळं कुटून केलेलं मानाचं पेय, वाटला जातो तेव्हा कुणाची करवंटी कुणानंतर, हे पुकारायचं काम पेसामिनोचंच होतं. एका करवंटीचा क्रम चुकला म्हणून दोन गावं नऊ वर्षं एकमेकांच्या लग्नांना गेली नव्हती; ती चूक दुसऱ्याची होती आणि ती निस्तरली पेसामिनोनं.

“दादा, आवा मिळत नाही असा कुणी असतो का?”

“बसलेल्या प्रत्येकाला मिळतो.”

“पण एकदम नाही.”

“एकदम कसा देणार? तो आवा आहे, पाऊस नाही.”

“मग यातही तेच करू. पासवर्ड फळ्यावर राहू दे. कुणाला नाही म्हणायचं नाही. फक्त क्रम लावायचा.”

पेसामिनोचे डोळे उघडले ते त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण उघडले असावेत. त्यानं वही मागवली. तासाभरात त्यानं क्रम लिहून काढला: पहिला पास्टरांचा टीव्ही, कारण देवाचं घर, मग शेजारच्या गावचे दोन मोठे किताबवाले, ज्यांची शनिवारी येण्याची शक्यता होती, मग शाळेचे टॅब, मग वयानुसार फोन. बसच्या ड्रायव्हरलाही त्यानं योग्य जागा दिली, कारण तो रोज येतो पण परगावचा आहे. बैठकीचा टॅब, ज्याच्यासमोर उभं राहून तो स्वतः बोलणार होता, तो अठ्ठाविसावा होता.

मकेरितानं वही वाचली, मिटली आणि गुडघ्यावर ठेवली. हा राउटर साधा आहे, ती म्हणाली. यात पहिला कोण एवढंच सांगता येतं. एकाच यंत्राचं नाव. बाकीच्यांनी मागून, आपापसात बघून घ्यायचं. आणि ते नाव बैठकीच्या टॅबचं असायला हवं.

पेसामिनोनं मान हलवली, म्हणजे नकारार्थी. यजमानानं पहिली करवंटी आपल्याच ओठाला लावायची, हे त्याच्या हयातीत त्यानं पाहिलेलं नव्हतं आणि ज्यानं तसं केलं असेल त्याला प्रमुख करायला तो स्वतःही तयार झाला नसता. फुआमातूनं डोळे पुसले. इओसुआंनी पुन्हा गेलेल्या माउंगाताईंचा विषय काढला. बाहेर ‘दक्षिणेची राणी’ परतीच्या फेरीत येऊन थांबली आणि यादीत एक नाव वाढलं.

मकेरिता मात्र निवांत होती. टेलिफोनच्या नोकरीत तिनं मंत्र्यांच्या बायकांना रांगेत उभं केलं होतं.

“दादा, शनिवारी टॅबमध्ये कोण असणार?”

“मी.”

“तुम्ही टॅबच्या समोर. आत कोण?”

पेसामिनोनं मकेरिताच्या गुडघ्यावरच्या वहीकडे पाहिलं.

“ऑकलंडचे,” तो म्हणाला.

“समुद्र ओलांडून आपल्या घरी कोण येतंय?”

“तेच.”

“मग ते कोण झाले?”

पेसामिनोनं वही घेतली, पहिल्या ओळीवर काट मारली आणि पास्टरांच्या टीव्हीला दुसरा क्रमांक दिला. “पाहुणे आहेत,” तो म्हणाला, जणू हे त्यालाच सुचलं होतं. “पहिली करवंटी पाहुण्यांची. एवढं साधं तुला आधी सांगता आलं नाही?”

मकेरितानं राउटरच्या पानावर टॅबचं नाव पहिल्या जागी घातलं. दीड मिनिट लागलं.

शुक्रवारी तिनं रंगीत तालीम घेतली. सगळं कुटुंब बसवलं, सगळ्यांना फोन वर करून ऑकलंडला पाठवायला सांगितलं, आणि पेसामिनोला बोलायला उभं केलं. पलीकडे पडदा पाहायला तिची मैत्रीण होती. पेसामिनो पस्तीस मिनिटं बोलला आणि एकदाही गोठला नाही. गोठले ते बाकीचे पन्नास. पास्टरांकडून निरोप आला की टीव्ही अडकतोय. पेसामिनोनं उलट निरोप पाठवला की पाहुणे आहेत. पास्टर समजले.

शनिवारी अकराला टॅब खुर्चीवर होता, खुर्चीवर कोरी चटई होती आणि चार्जर लावलेला होता. पडद्यावर रोपातीचं गॅरेज दिसत होतं. टायर बाजूला सारून तिथे चाळीसच्या वर माणसं दाटीवाटीनं बसली होती. पुढे मध्यभागी, एकटीच आरामखुर्चीत, मोएलांगी आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. पेसामिनोच्या वडिलांची सख्खी बहीण आणि रोपातीची आई. आमच्याकडे किताबाच्या बाबतीत बहिणीच्या बाजूचा शब्द हलका धरत नाहीत, आणि त्या बाजूला आता ती एकटीच उरली होती. आधीच्या दोन्ही बैठकांत ती चकार शब्द बोलली नव्हती.

पेसामिनो उभा राहिला, काठी टेकली आणि सुरुवातीपासून सुरू झाला. त्याची सुरुवात फार मागे असते. चार मिनिटं झाली, घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखला. पाच झाली, सोडला. तो एक तास दहा मिनिटं बोलला. कुटुंबातले नऊ माउंगाताई त्यानं क्रमानं घेतले, त्यांच्या बायका घेतल्या, त्यांच्या बहिणी घेतल्या, समुद्रात गेलेले घेतले, तापाच्या साथीत गेलेली मुलं घेतली. स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलला, तीही भावाची तारोची शेती कुठे आहे हे सांगण्याच्या ओघात. मकेरिता राउटरखाली बसून यादी पाहत होती. एकशे चार यंत्रं होती आणि पहिलं पहिलंच होतं.

मग रोपाती उभा राहिला. हातात फोन होता, फोनमध्ये भाषण होतं. त्यानं आदरानं प्रारंभ केला, तिसऱ्या वाक्यापर्यंत आला आणि गोठला. भुवया वर, ओठांचा चंबू.

इओसुआ पेसामिनोच्या कानाशी गेले आणि त्यांनी आठवण करून दिली की नियम पलीकडच्यांनीच केलाय. जे ऐकू येईल त्यावर निर्णय. तीन वाक्यं ऐकू आली. फुआमातूनं मानेनं इओसुआंना दुजोरा दिला, आणि घरातल्या पन्नासांपैकी किमान चाळीस माना तशाच हलल्या.

पेसामिनोनं टॅबकडे पाहिलं.

“मकेरिता,” तो म्हणाला, “पाहुण्याची करवंटी सांडली. भर.”

आणि तो उभाच राहिला. त्यानं काठी सोडली नाही आणि तोंड उघडलं नाही. वक्त्यानं भरल्या घरासमोर उभं राहून गप्प बसायचं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं आणि त्याला ते जड जात होतं हे मागून पाहणाऱ्यालाही कळत होतं.

मकेरितानं साध्या फोननं रोपातीच्या बायकोला, सेराला, गाठलं. काय झालं विचारलं. सेरा म्हणाली, आम्ही काहीच केलेलं नाही. मकेरितानं विचारलं, गॅरेजमध्ये किती फोन वर आहेत? सेरानं मोजायला घेतलं आणि तिसापाशी सोडून दिलं. शेवटच्या बैठकीतलं रोपातीचं भाषण म्हणून सगळे जण गावाकडे दाखवत होते. वरच्या खोलीत नातवंडं ऑनलाइन खेळ खेळत होती ती वेगळीच. रोग एकच होता. फक्त ऑकलंडमध्ये तीस वर्षं काढल्याचा एक फायदा झाला होता: सेरानं धुण्याची टोपली उचलली, रांगेतून फिरवली आणि सगळ्यांना फोन तिच्यात टाकायला लावले. वाइसिनात असं कुणी केलं असतं तर दोन पिढ्या त्याच्या नावानं बोटं मोडली गेली असती. टोपली फिरत फिरत रोपातीपर्यंत आली. त्यानंही आपला फोन टाकला. टोपली धुण्याच्या खोलीत गेली आणि दार बंद झालं.

अकराव्या मिनिटाला रोपाती हलला. त्यानं हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

मग तो बिनफोनचा बोलला. शब्द अडले, दोन ठिकाणी इंग्रजी घुसलं, एका पूर्वजाला त्यानं चुकून त्याच्याच मुलाचा मुलगा केलं. पण तो म्हणाला की मला गावाची आठवण येते आणि येता येत नाही, आणि मी वस्तू पाठवतो कारण मला दुसरं काही करता येत नाही, आणि मला हा किताब हवा आहे कारण मग मला यावंच लागेल. बारा मिनिटांत तो खाली बसला. वाइसिनातल्या चाळीस माना या वेळी हलल्या नाहीत.

सगळे आत्याकडे पाहू लागले. आत्यानं पाणी मागितलं, प्यायली, पेला परत दिला.

“रोपाती,” ती म्हणाली, “तुझे वडील गेल्यापासून तू आज पहिल्यांदा मला आवडलास. किताब पेसामिनोचा.”

रोपातीनं मान खाली घातली. कुणी विचारलं नव्हतं, तरी आत्यानं कारण दिलं.

“त्यानं सगळ्या गेलेल्यांची नावं घेतली. एकही गाळलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचंसुद्धा, ती सहा दिवसांची होती. मी बसल्या बसल्या मोजलं, माझं नाव कुठे येईल. मला ते तिथे हवंय. तू मला आजी आणि पणजी यांच्यामध्ये विसरशील, बाळा.”

गॅरेजमध्ये कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, त्यात रोपातीही होता. तो उभा राहिला आणि पडद्यातून पेसामिनोला म्हणाला, “माउंगाताई, पुढच्या वर्षी येतो. भट्टी मी लावीन.” इओसुआंनी डोळे मिटून आमेन म्हटलं. फुआमातू रडत होती. पन्नास फोन वर होते, त्यातलं काहीही कुठेही पोचत नव्हतं आणि कुणाला त्याची पर्वा नव्हती.

नवे माउंगाताई आभार मानायला उभे राहिले. त्यांनी काठी टेकली, घसा साफ केला, अकरा मिनिटांची भरपाई करायची असल्यासारखा छातीभर श्वास घेतला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. मकेरितानं वर राउटरकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवे होते. आता या माणसाला थांबवू शकेल असं जगात काहीही उरलेलं नव्हतं, आणि ही व्यवस्था तिनं स्वतःच्या हातानं, दीड मिनिटात, अगदी चोख केली होती.